मातृभाषेतून मूलकणांपर्यंत : डॉ. रोहिणी गोडबोले यांची संशोधन-वाटचाल

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार. सकाळची शाळा होती. आदल्या दिवशी पुण्यात डॉ. रोहिणी गोडबोले यांचे निधन झाल्याची बातमी मी जळोचीहून शाळेला निघण्यापूर्वीच वाचली होती. नववीच्या वर्गात गेल्यावर हजेरी झाली आणि मी फळ्यावर त्यांचे नाव लिहिले. मुलींना म्हणाले, "ये खातून ज़िंदगीभर ज़र्रों का हिसाब करती रहीं." मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, ज़र्रे दिखतेच नहीं, तो उनका हिसाब कैसा? और ये कौनसे मीडियम में पढ़ी थीं?"

पहिल्या प्रश्नाचे नीट उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दाचे होते : मराठी. पण ते ऐकल्यावर वर्गात जी चुळबुळ झाली, ती माझ्या मनातून गेली नाही. आपल्या भाषेतून शिकलेली बाई जगातल्या सर्वात मोठ्या यंत्रांविषयी सल्ला देऊ शकते, ही गोष्ट त्या मुलींना खरी वाटत नव्हती. या लेखात त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न आहे.

मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. बी.एस्सी., बी.एड. होऊन तालुक्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारी एक शिक्षिका आहे. तेव्हा या विषयातील गणिताच्या खोलात मी शिरणार नाही. पण एका मराठी मुलीची संशोधनातली पंचेचाळीस वर्षे कशी गेली, एवढे सांगणे मला जमेल असे वाटते.

भाषेचा उंबरठा

आधी माझीच गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती एकटीची नाही. दहावीपर्यंत मी उर्दूतून शिकले. गुण चांगले होते. अब्बांनी हौसेने अकरावी शास्त्र शाखेत घातले. पहिल्याच आठवड्यात भौतिकशास्त्राच्या तासाला सर फळ्यावर इंग्रजीतून लिहीत होते आणि मराठीतून समजावत होते. मला 'इसरा' ठाऊक होते, 'त्वरण' नव्हते आणि 'ॲक्सिलरेशन'ही नव्हते. 'कमियत' म्हणजे वस्तुमान, 'कुव्वत' म्हणजे बल, 'तवानाई' म्हणजे ऊर्जा हे मला कोणी सांगितले नाही. उर्दूतला 'जौहर' मराठीत 'अणू' होतो, आणि 'सालमा' हा 'रेणू'. पण हिंदी पुस्तक उघडावे तर तिथे 'अणु' म्हणजेच रेणू निघतो! एकदा मी चुकीचा शब्द वापरला, वर्ग हसला, आणि सरांनीही हसून विषय बदलला. त्या महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. तिथे कोणी दुष्ट नव्हते, एवढेच की कोणाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर वर्षभर मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्याबरोबर उर्दू शाळेतून शास्त्र शाखेला आलेल्या दोघी बारावीपूर्वीच घरी बसल्या.

म्हणून डॉ. गोडबोले यांचे शिक्षण मराठीतून झाले, ही बाब मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

हुजूरपागेची मुलगी

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ चा, पुण्याचा. शाळा हुजूरपागा. एकोणिसाव्या शतकात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकाराने सुरू झालेली मुलींची ही शाळा. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात तिचे नाव मानाने घेतले जाते. पण मानाच्या शाळेलाही आपल्या काळाच्या मर्यादा असतात. सातवीपर्यंत तिथे मुलींसाठी गृहविज्ञान होते, भौतिक-रसायन नव्हते, हे गोडबोले यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र विज्ञानाचे प्रश्न होते. म्हणजे मुलीने परीक्षा द्यायची तर वर्गात न शिकवलेले वेगळे शिकायचे. त्या ते शिकल्या, आणि विज्ञानाची गोडी तिथून लागली.

पुढे त्यांना राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्ती मिळाली. या योजनेबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. १९६३ मध्ये दिल्लीपुरती आणि १९६४ पासून देशभर सुरू झालेली ही शिष्यवृत्ती आरंभीची बारा-तेरा वर्षे केवळ मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी होती. हुशार मूल दिसले की त्याला डॉक्टर किंवा इंजिनियर करायचे, हा आपल्याकडचा शिरस्ता तेव्हाही होता. अशा वेळी 'तू फिजिक्स शिक, खर्चाचे आम्ही पाहतो' असे सरकारने म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या पिढीतले कितीतरी शास्त्रज्ञ या एका परीक्षेने घडवले. पुढे तिचेच 'राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा' असे रूपांतर झाले. त्या योजनेची मंजुरी ३१ मार्च २०२१ पर्यंतच होती आणि त्यानंतर ती त्या स्वरूपात थांबवण्यात आली, याची आमच्यासारख्या शाळांत फारशी चर्चाही झाली नाही.

सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी.एस्सी. आणि १९७४ मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.तून एम.एस्सी. करून त्या अमेरिकेत स्टोनी ब्रुक येथे पीएच.डी.साठी गेल्या. इंग्रजीचा उंबरठा त्यांनाही ओलांडावा लागला असणारच. पण तोपर्यंत विज्ञान त्यांच्या डोक्यात आपल्या भाषेत पक्के बसले होते. मुलीच्या हातात विषय आधी येतो आणि परकी भाषा नंतर येते, तेव्हा भाषा ही अडचण राहते, भिंत होत नाही. आमच्या मुलींच्या बाबतीत नेमके उलटे घडते. विषय हातात येतो न येतो तोच भाषा बदलते.

उर्दूत उच्च विज्ञान शिकवता येत नाही, असेही नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवले जात असे. त्यासाठी खास भाषांतर विभाग उभारून हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. मराठवाड्यातील जुन्या पिढीतले अनेकजण तिथे शिकले. १९४८ नंतर तो प्रयोग संपला. शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांत उरले, त्यांच्या पुढची इमारत उरली नाही.

न दिसणाऱ्या कणांचा हिसाब

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. जे दिसत नाही त्याचा हिसाब कसा करायचा?

'ज़र्रा' हा शब्द अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आला. आपण मराठीत रोज 'जरा थांब' म्हणतो, तो 'जरा' याच घराण्यातला. ज़र्रा म्हणजे सर्वात लहान कण. सर्वात लहान कोणता, याचे उत्तर मात्र बदलत आले. आधी अणू, मग त्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन-इलेक्ट्रॉन, आणि पुढे प्रोटॉनच्याही आतले क्वार्क. हे क्वार्क सुटे सापडत नाहीत. काही तर इतके जड असतात की आजच्या विश्वात आपोआप कुठे राहतच नाहीत. त्यांना घडवावे लागते. आईन्स्टाईनने दाखवून दिले की ऊर्जेचे वस्तुमान होऊ शकते. म्हणून शास्त्रज्ञ दोन कण प्रचंड वेगाने समोरासमोर आदळवतात. त्या टकरीच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, त्याच्याही कोट्यवधीपट आधी, विरून जातात. मागे राहतात त्यांच्या तुकड्यांचे माग. त्या मागांवरून मूळ कण कोणता असावा हे ओळखायचे. शेतात रात्री कोण येऊन गेले हे सकाळी पावलांवरून ओळखणारा माणूस जे करतो, तेच हे काम. फक्त इथे पावले अब्जावधी असतात आणि आपल्याला हवे ते एखादेच असते.

यासाठी यंत्र बांधणारे व चालवणारे शास्त्रज्ञ वेगळे आणि 'कोणत्या पावलाकडे पाहायचे' हे कागदावर हिसाब करून सांगणारे वेगळे. डॉ. गोडबोले या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. सिद्धान्त आणि प्रयोग यांच्या मधल्या बांधावर उभ्या राहून त्यांनी आयुष्यभर काम केले.

त्या अमेरिकेत पोहोचल्या तो काळच विलक्षण होता. नोव्हेंबर १९७४ मध्ये 'जे-साय' नावाच्या नव्या कणाचा शोध जाहीर झाला आणि क्वार्क ही केवळ गणिती सोय नसून खरी गोष्ट आहे, हे बहुतेकांनी मान्य केले. हा शोध एकाच वेळी दोन ठिकाणी लागला. त्यातले एक ठिकाण, ब्रुकहेव्हनची प्रयोगशाळा, स्टोनी ब्रुक असलेल्या लाँग आयलंडवरच आहे. एखादी मुलगी कापसाच्या संशोधनासाठी जावी आणि तिच्या वसतिगृहाशेजारीच नवे वाण सापडावे, तसे हे झाले.

१९७९ मध्ये पीएच.डी. पूर्ण करून त्या भारतात परतल्या. त्याच वर्षी या विषयाचे नोबेल पारितोषिक ग्लाशो आणि वाइनबर्ग यांच्यासह अब्दुस सलाम यांना मिळाले. निसर्गातील विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही मुळात एकच आहेत, हे या तिघांनी दाखवले होते. सलाम यांचे नाव आपल्या जलशांत अभिमानाने घेतले जाते. त्यांच्याच देशाने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांच्या पंथाला इस्लामबाहेर ठरवले होते, हे मात्र तितक्या मोकळेपणाने बोलले जात नाही. नोबेलनंतर १९८१ मध्ये ते भारतात आले तेव्हा कोलकात्याला जाऊन लाहोरच्या आपल्या जुन्या गणित-शिक्षकांना, अनिलेंद्र गांगुली यांना भेटले आणि नोबेल पदक त्यांच्यापुढे ठेवले. फाळणीने गुरू एका देशात आणि शिष्य दुसऱ्या देशात गेला होता. शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला ही हकीकत विसरता येत नाही. सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्त येथे गरीब देशांतील शास्त्रज्ञांसाठी संशोधन केंद्र काढले आणि १९८३ मध्ये तिथेच तिसऱ्या जगाची विज्ञान अकादमी स्थापन केली. त्याच अकादमीच्या डॉ. गोडबोले पुढे फेलो झाल्या.

मुंबई विद्यापीठातील तेरा वर्षे

परतल्यावर तीन वर्षे त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या. १९८२ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अध्यापक झाल्या आणि १९९५ पर्यंत तिथे राहिल्या. त्यांच्या चरित्रातील या तेरा वर्षांकडे मला वाचकांचे विशेष लक्ष वेधायचे आहे. आपल्याकडे समज असा, की खरे संशोधन मोठ्या संस्थांत होते आणि विद्यापीठात फक्त शिकवणे, पेपर तपासणे. गोडबोले यांचे सर्वात गाजलेले काम मात्र कालिन्याच्या या विद्यापीठात शिकवत असतानाचेच आहे.

दोन उदाहरणे देते.

पहिले १९८३ चे. सहा क्वार्कपैकी पाच सापडले होते, सहावा 'टॉप' सापडत नव्हता. तो किती जड, हे कोणाला ठाऊक नव्हते. तो जन्मला तरी क्षणात फुटणार आणि त्यातून एखादा इलेक्ट्रॉन किंवा त्याचा भाऊबंद म्युऑन बाहेर पडणार. पण हलके क्वार्क फुटूनही असेच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. मग फरक कसा ओळखायचा? डी. पी. रॉय आणि संदीप पाकवासा यांच्यासह गोडबोले यांनी दाखवले, की हलक्या क्वार्कमधून निघालेला इलेक्ट्रॉन इतर कणांच्या झोतात, गर्दीत सापडतो. जड टॉपमधून निघालेला मात्र त्या गर्दीपासून दूर, एकटा असतो. वरातीत नाचणारा माणूस आणि रस्त्याच्या पलीकडे एकटा उभा असलेला माणूस, यांतला दुसरा शोधा, असे हे सांगणे. या कसोटीची पुढे टॉपच्या शोधात फार मदत झाली. १९८४ मध्ये युरोपातील सर्न प्रयोगशाळेतील एका गटाला टॉप सापडल्यासारखे वाटले होते, पण तो भास ठरला. खरा टॉप १९९५ मध्ये अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये सापडला, तेव्हा तो जवळजवळ सोन्याच्या एका अख्ख्या अणूइतका जड निघाला. त्या शोधातल्या एका गटात भारतीय शास्त्रज्ञही होते. कागदावरच्या हिसाबापासून शोधापर्यंत बारा वर्षे गेली.

दुसरे उदाहरण १९९१ चे, ज्याला जगभर 'ड्रीस-गोडबोले परिणाम' म्हणतात. त्या काळी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची सरळ रेषेत टक्कर घडवणाऱ्या भावी यंत्रांचे आराखडे तयार होत होते. प्रोटॉनची टक्कर म्हणजे दोन भरलेली पोती आपटण्यासारखी, त्यातून खूप कचरा उडतो. इलेक्ट्रॉनला आत काही घटक नसल्याने त्याची टक्कर स्वच्छ, असा सर्वांचा विश्वास होता. गोडबोले आणि जर्मन शास्त्रज्ञ मान्युएल ड्रीस यांनी या विश्वासाला प्रश्न विचारला. अधिक टकरी घडाव्यात म्हणून इलेक्ट्रॉनांचे पुंजके अतिशय बारीक आणि दाट करावे लागतात. असे दोन पुंजके एकमेकांतून जाताना त्यांच्या प्रचंड विद्युतचुंबकीय क्षेत्राने कण वळतात आणि वळताना प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, फेकतात. हा फोटॉन कधीकधी असा वागतो, जणू त्याच्या आत क्वार्क भरले आहेत. असे दोन फोटॉन आदळले की नको त्या कणांचा पाऊस पडतो. म्हणजे स्वच्छ समजले जाणारे यंत्रही कचऱ्याने भरू शकते, आणि हा कचरा किती होईल हे पुंजक्यांच्या घडणीवर अवलंबून आहे.

ही गोष्ट यंत्र बांधून झाल्यावर कळली असती तर? हजारो कोटींचे यंत्र आणि त्यात हवे ते पावलाचे ठसे चिखलात हरवलेले. ड्रीस आणि गोडबोले यांच्या हिसाबानंतर अशा यंत्रांच्या रचनाकारांना ही बाब आधीच विचारात घ्यावी लागली. पुढे आंतरराष्ट्रीय रेषीय टक्करयंत्राच्या शोधक-यंत्रणांविषयी सल्ला देणाऱ्या गटात गोडबोले यांना घेण्यात आले, ते या पायावर.

जे सापडले आणि जे सापडले नाही

१९९५ मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत तिच्याशी जोडलेल्या राहिल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. टॉप क्वार्कच्या फिरकीवरून नव्या भौतिकीचा माग कसा काढावा, हिग्ज कण सापडलाच तर त्याचे गुणधर्म कसे पडताळावेत, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने हिग्जसारखा कण सापडल्याची घोषणा केली. त्यासाठीचे यंत्र जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात आहे. त्याची चुंबके उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावी लागतात. भारतीय संस्थांनीही त्या प्रयोगात भाग घेतला होता.

मी तेव्हा बी.एड. करत होते. वृत्तपत्रांत 'देवकण' असा मथळा आला आणि आमच्या मोहल्ल्यात वाद सुरू झाला, की हे शास्त्रज्ञ आता खुदाचाही कण शोधू लागले काय! खरे तर ते नाव लेडरमन या शास्त्रज्ञाच्या एका पुस्तकाच्या शीर्षकावरून रूढ झाले. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना ते आवडत नाही आणि धर्माशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा हे समजावून सांगणारा विज्ञानाचा माणूस आमच्या वस्तीत असता तर तो वाद पाच मिनिटांत मिटला असता.

पण गोडबोले यांच्या कामाचा एक मोठा भाग अजून न सापडलेल्या गोष्टीविषयीचा आहे. प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असावा, या 'महासममिती'च्या कल्पनेवर त्यांनी, ड्रीस आणि प्रबीर रॉय यांनी २००४ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. जगभरचे विद्यार्थी तो अभ्यासतात. सर्नच्या यंत्रात मात्र हे जोडीदार आजवर सापडलेले नाहीत. मग ती मेहनत वाया गेली का? वर्गात मुली हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना सांगते, विहीर खणताना कुठे पाणी नाही हे खात्रीने कळले, तरी पुढच्याचे श्रम वाचतात. निकाल आपल्या बाजूने लागेल याची हमी नसताना प्रामाणिकपणे हिसाब करत राहणे, हीच संशोधनाची खरी परीक्षा आहे.

लीलावतीच्या लेकी

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण मागे वळून पाहणे हा त्यांचा आणखी एक गुण. मूलकणांच्या परिषदांत शेकडो पुरुषांत आपण मोजक्या स्त्रिया आहोत, हे त्यांना दिसत होते. त्यांच्यापूर्वी बिभा चौधुरी होत्या. १९४१-४२ च्या सुमारास दार्जिलिंगच्या पहाडात छायाचित्रपट्ट्या ठेवून त्यांनी आणि डी. एम. बोस यांनी आकाशातून येणाऱ्या मेसॉन कणांचे माग टिपले होते. युद्धामुळे चांगल्या पट्ट्या मिळाल्या नाहीत. पुढे अधिक चांगल्या पट्ट्या वापरून तशाच पद्धतीने इंग्लंडच्या पॉवेल यांनी शोध लावला आणि १९५० चे नोबेल मिळवले. बिभा चौधुरी १९४९ मध्ये टाटा संस्थेत रुजू झालेल्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ मध्ये त्या गेल्या तेव्हा देशाने फारशी दखलही घेतली नाही.

अशी नावे पुसली जाऊ नयेत म्हणून २००८ मध्ये गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथावरून हे नाव घेतले आहे. भारतातील सुमारे शंभर स्त्री शास्त्रज्ञांच्या कहाण्या त्यात आहेत, बऱ्याचशा त्यांच्याच शब्दांत. पुढे २०१० मध्ये बंगळुरूच्या अभ्यासकांबरोबर त्यांनी एक पाहणी-अहवाल लिहिला. विज्ञानात पीएच.डी. झालेल्या स्त्रिया संशोधन का सोडतात, हा त्याचा विषय. सर्वसाधारण समज असा की संसारामुळे. पण त्यातील अनेक स्त्रियांनी सांगितलेले कारण वेगळेच निघाले : योग्य नोकरीच मिळाली नाही.

हे वाचून मी थबकले. आपल्या समाजातही आपण सहज म्हणतो, की मुलींना घरचे शिकू देत नाहीत. काही घरांत ते खरेही आहे. पण माझ्या पाहण्यात अशा कितीतरी अम्मी-अब्बा आहेत ज्यांना मुलीला शिकवायचे आहे. अडते ते दहावीनंतर. जवळ शास्त्र शाखा नाही, असली तर भाषा वेगळी, आणि मधला पूल बांधायला कोणी नाही. २००६ च्या सच्चर अहवालानंतर आपण आकडे पुष्कळ बोललो. पुलाविषयी कमी बोललो.

आपल्या व्याख्यानांत इब्न अल-हैसम येतो, अल-बिरूनी येतो, अब्दुस सलाम येतात. त्यांचा अभिमान असावा. पण हजार वर्षांपूर्वीच्या उस्तादांची यादी पाठ करून आपल्या मुलीला 'त्वरण' या शब्दाचा अर्थ कळत नाही. तो कोणीतरी वर्गात उभे राहून सांगावा लागतो.

एक वही

त्या शनिवारनंतर दिवाळीची सुटी लागली. सुटीत मी एक वही आखली. तीन रकाने : उर्दू, मराठी, इंग्रजी. जौहर, अणू, ॲटम. सालमा, रेणू, मॉलिक्यूल. कमियत, वस्तुमान, मास. आठवी ते दहावीच्या पुस्तकांतला प्रत्येक पारिभाषिक शब्द तीन भाषांत. तिन्ही रकाने देवनागरीत आणि खाली उर्दू लिपीत. सुटीनंतर मुलींनी ती उतरवून घेतली. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने स्वतःहून चौथा रकाना काढला आणि त्यात इंग्रजी स्पेलिंग लिहायला घेतले. मला जे अकरावीत कोणी सांगितले नाही, ते या मुलींना आता नववीतच कळेल. एवढेच माझ्या हातात होते.

ही काही मोठी गोष्ट नाही. एका वहीने कोणी रोहिणी गोडबोले होत नाही. पण हुजूरपागेतही सातवीत एका परीक्षेपुरतेच तर विज्ञान आले होते. तेवढ्या फटीतून एक मुलगी आत शिरली आणि जिथे जगातले सर्वात मोठे यंत्र आखले जात होते त्या मेजापर्यंत पोहोचली. दार उघडणे नेहमीच आपल्या हाती नसते, फट ठेवणे असते.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, त्यातही माझ्या शिक्षक भावा-बहिणींना आणि मोहल्ल्यातल्या जबाबदार मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या भागातील उर्दू शाळेतून यंदा किती मुली दहावी झाल्या, त्यांतल्या किती शास्त्र शाखेला गेल्या आणि किती बारावीपर्यंत टिकल्या, एवढे तीन आकडे काढा. मुली आपल्या घरातल्या आहेत, त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. डॉ. गोडबोले यांनी न दिसणाऱ्या ज़र्‍यांचा हिसाब आयुष्यभर ठेवला. या मुली तर रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात.